‘आमचा’ वारसा की नुसताच वारसा

इंग्रजीतलं एक चिमुकलं उपपद मराठीत आणता येत नाही, म्हणून आधी त्याचीच हकीकत. अमेरिकेतले युनिटेरियन (देव एकच, येशू देव नाही, असं मानणारे) आणि युनिव्हर्सलिस्ट (देव शेवटी सर्वांना तारतो, असं मानणारे) हे दोन उदारमतवादी पंथ १९६१ मध्ये एक झाले. त्याआधीच्या वाटाघाटींत उद्देशांच्या मसुद्यातल्या एका वाक्यावर प्रतिनिधी अडून बसले. सर्व काळांतल्या थोर गुरूंच्या शिकवणीचं सार म्हणजे देवावर प्रेम आणि माणसावर प्रेम, आणि ते ‘आमच्या यहुदी-ख्रिस्ती वारशात’ सांगितलेलं आहे, असा तो मजकूर. ‘आमच्या’ला हरकत आली. बरीच ओढाताण झाल्यावर ‘आमच्या’ खोडलं गेलं आणि तिथे ‘द’ बसला. मराठीत या ‘द’ला पाटच मांडता येत नाही, ‘यहुदी-ख्रिस्ती वारशात’ एवढंच उरतं. वारसा आहे, कुणाचा ते विचारू नये, अशी ती तडजोड होती.

पुढे या एकत्रित संघटनेच्या १९८५ च्या मजकुरात सात तत्त्वं आणि प्रेरणेच्या पाच स्रोतांची यादी आली, १९९५ मध्ये सहावा स्रोत जोडला गेला. यहुदी आणि ख्रिस्ती शिकवण त्यात चौथ्या क्रमांकावर. जून २०२४ च्या महासभेने हा सगळाच भाग नव्याने लिहिला. सात तत्त्वांच्या जागी आता मूल्यं आहेत, मधोमध प्रेम आहे आणि स्रोतांच्या यादीऐवजी मानवजातीच्या साऱ्या पवित्र जाणिवांबद्दल एक प्रशस्त परिच्छेद आहे. कुठल्याच धर्माचं नाव त्यात नाही. दोन तृतीयांश मतं हवी होती, सुमारे ८० टक्के पडली. आधी ‘आमचा’ गेला, मग ‘ख्रिस्ती’ही.

या चळवळीने आपली ख्रिस्ती मुळं जवळ करावीत का, हा वाद बहुतेक वेळा दारावरच्या पाटीचा वाद म्हणून लढला जातो. पाटीवर ‘ख्रिस्ती’ लिहायचं का? माझ्या मते ते प्रकरण मिटलेलं आहे आणि उकरू नये. त्या बाकांवर यहुदी कुटुंबात वाढलेली, बौद्ध ध्यान करणारी, देव न मानणारी माणसं शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या डोक्यावर नवी पाटी ठोकणं दांडगाईचं होईल. पण वारसा पाटीवर कुठे असतो? तो सातबाऱ्यावर असतो. पाटी काढली तरी उताऱ्यावरचं नाव राहतं, आणि ‘इतर हक्कां’च्या रकान्यातला बोजाही. या चळवळीने जमीन कसायला ठेवली आहे, उतारा मात्र ती बघायला तयार नाही.

जमीन कोणती ते आधी पाहू. या मंडळ्यांमध्ये सर्वांना बांधणारा मतांगीकार नसतो. काय मानता, असं तिथे कुणी विचारत नाही. एकमेकांशी कसं वागायचं याचा शब्द दिलेला असतो, आणि त्याला ते ‘कव्हनंट’ म्हणतात. मतांऐवजी शब्दावर उभी राहिलेली मंडळी हा आपला सर्वांत आधुनिक विशेष, असं तिथे अभिमानाने सांगितलं जातं. मराठी वाचकाला इथे हसू यावं, कारण आपल्या बायबलने हा घोळ आधीच सोडवून ठेवलाय. ‘कव्हनंट’ म्हणजे करार. जुना करार आणि नवा करार, त्यातलाच करार. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम इथल्या प्युरिटन मंडळीने १६२९ मध्ये जो करार केला, त्यात आम्ही परमेश्वराशी आणि एकमेकांशी करार करतो, असे शब्द होते. तीच मंडळी आज युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट आहे. मधल्या काळात ‘परमेश्वराशी’ बहुतेक ठिकाणी गळालं, ‘एकमेकांशी’ राहिलं.

गळालेल्या शब्दाचं काम काय होतं, हे भांडण झाल्यावर कळतं. करार तिघांत असेल तर दोघांचं बिनसल्यावरही तो टिकतो, कारण तिसरा पक्ष जागचा हललेला नसतो. दोघांतच असेल तर तो लवकरच वर्तनाच्या नियमावलीसारखा दिसू लागतो: बैठकीत कुणाचं बोलणं तोडू नये, ईमेल रागाच्या भरात पाठवू नये. नियमावली वाईट नसते. तिच्यासाठी कुणी रविवारी सकाळी उठून येत नाही, इतकंच. देव न मानणाऱ्या मंडळीलाही या तिसऱ्या जागेवर काहीतरी ठेवावं लागतं, मग ते सत्य असो, न्याय असो किंवा पुढची पिढी. जागा रिकामी आहे हे कळायला ती कशासाठी होती ते माहीत हवं.

कारभाराचंही तेच. पाळक कोण असावा हे सभासद मतदानाने ठरवतात. वरून बिशप पाठवला जात नाही, मंडळीच्या मालमत्तेवर बाहेरच्या कुणाचा हात नसतो. ही रचना १६४८ च्या केंब्रिज प्लॅटफॉर्मची, म्हणजे प्युरिटन मंडळ्यांनी कारभारासाठी ठरवलेल्या नियमांची, म्हणजेच पक्क्या कॅल्विनपंथीयांची. रविवारचा क्रम घ्या. वाद्यसंगीत, ज्योत पेटवणं, गीत, मुलांसाठी गोष्ट, सुखदुःखांचं निवेदन, वाचन, प्रवचन, दानाची थाळी, गीत, आशीर्वचन. प्रार्थनेच्या जागी ध्यान आणि शास्त्रपाठाच्या जागी कविता आली असेल, पण हाडं प्रॉटेस्टंट उपासनेचीच. प्रवचन तर वीस मिनिटांचं, आणि सगळा डोलारा त्यावरच. बौद्ध विहारातून किंवा सिनेगॉगमधून आलेल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी दिसतं. न दिसणारे आत वाढलेलेच असतात. आपण सर्व धर्मांना सारखं अंतर राखून आहोत, असं त्यांना मनापासून वाटत असतं.

त्यांचं जे नास्तिक्य किंवा अज्ञेयवाद आहे, तोही बायबल बाजूला ठेवून आलेला नाही. बायबल नको तितकं बारकाईने वाचल्यामुळे आला. सोळाव्या शतकातला स्पॅनिश वैद्य आणि धर्मचिंतक मायकेल सर्व्हेटस याचं मुख्य म्हणणं असं होतं की त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हा सिद्धान्त पवित्र शास्त्रात जसाच्या तसा सापडत नाही. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात त्याला जाळलं. पंधरा वर्षांनी, १५६८ मध्ये, ट्रान्सिल्व्हेनियात तोर्डा इथे धर्मस्वातंत्र्याचा ठराव झाला: उपदेशकाने आपल्या समजुतीप्रमाणे उपदेश करावा, मंडळीला पटला तर ठेवावा, आणि शिकवणुकीपायी कुणाला तुरुंगात टाकू नये. कारण काय दिलं? विश्वास ही देवाची देणगी आहे आणि तो ऐकण्याने येतो. यातला ऐकण्याचा भाग पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या दहाव्या अध्यायातला. देणगी सक्तीने देता येत नाही, म्हणून सक्ती नको. हा ठराव घडवून आणणाऱ्या फेरेन्त्स दाविदला पुढे राजा बदलल्यावर तुरुंगात टाकलं आणि १५७९ मध्ये तो देवाच्या किल्ल्यात मेला (‘देवा’ हे गावाचं नाव, मराठीत ते असं उतरावं याला इलाज नाही). बॉस्टनचा पाळक विल्यम एलरी चॅनिंग याने १८१९ मध्ये बाल्टिमोरच्या प्रवचनात अमेरिकन युनिटेरियनांची भूमिका मांडली, तेव्हाही त्याचा पहिला मुद्दा वाचनाचाच होता: बायबल माणसांच्या भाषेत माणसांसाठी लिहिलंय, तेव्हा इतर पुस्तकांसारखंच त्याचा अर्थ लावा.

आणि एमर्सन, पुढे निबंधकार म्हणून गाजलेला. बॉस्टनच्या सेकंड चर्चचं पाळकपद त्याने १८३२ मध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ पाव आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, प्रश्नावर सोडलं, हे या चळवळीतल्या सर्वांना माहीत असतं. त्याने ते कसं सोडलं हे फारसं सांगितलं जात नाही. चारही शुभवर्तमानं समोर ठेवून तो दाखवतो की ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ ही आज्ञा मत्तय देत नाही, मार्क देत नाही, योहानही देत नाही. ती फक्त लूक देतो. पौल देतो, त्याचा समाचार वेगळा. मग तो म्हणतो की हा कायमचा विधी म्हणून सांगितला होता याला आधार अपुरा आहे. नाकारायचं तर एवढं करून नाकारावं. आज त्याच परंपरेतल्या पुष्कळांना प्रभुभोजन नको असतं, पण या पाचांतला एकही उतारा त्यांनी सलग वाचलेला नसतो. यात एमर्सनचा विजय आहे असं मला वाटत नाही.

युनिव्हर्सलिस्टांची बाजू आणखी सरळ. देव शेवटी सर्वांचं तारण करतो, नरक कायमचा नाही, हा त्यांचा एकमेव मोठा दावा. त्यांच्यातला पाळक होझिया बॅलू याने १८०५ मध्ये तो तर्काने मांडला. दोन्ही पंथांत पाळक राहिलेल्या थॉमस स्टार किंगच्या नावावर एक विनोद आहे: युनिव्हर्सलिस्टांना वाटतं, आपल्याला नरकात टाकण्याइतका देव वाईट नाही; युनिटेरियनांना वाटतं, नरकात जाण्याइतके आपण वाईट नाही. २०२४ च्या मजकुरात मधोमध ठेवलेलं प्रेम म्हणजे बॅलूचंच, नाव काढून घेतलेलं. बॅलूचं प्रेम नरकाच्या काठावर उभं राहून बोललेलं होतं. कुणालाही सोडायचं नाही, अगदी पाप्यालाही नाही, हे त्यात अभिप्रेत होतं. काठ पुसला की प्रेम हा शब्द गुळगुळीत होतो आणि मूल्यांच्या आकृतीत छान दिसतो. विरोधी पक्षाला मत देणारा शेजारी त्यात बसतो का, हा प्रश्न मग उगवतच नाही.

एवढं असून मुळांना हात का लावला जात नाही? एक कारण खरं आहे आणि हलकं घेण्यासारखं नाही. या बाकांवरच्या पुष्कळ माणसांना दुसऱ्या चर्चने दुखावून बाहेर घालवलेलं असतं: समलिंगी म्हणून, घटस्फोटित म्हणून, प्रश्न विचारले म्हणून. ‘रक्ताने धुतलेले’ हे शब्द ऐकताच त्यांचं अंग ताठ होतं. त्यांना सांभाळायचं म्हणून गाळणं सुरू होतं. गीतांतले शब्द बदलतात. युनिटेरियन नीट गात का नाहीत, तर पुढची ओळ आपल्याला पटते का ते आधी वाचत असतात, हा विनोद त्यांचाच. ईस्टरला वसंत येतो, ट्युलिप येतात. गुड फ्रायडे येत नाही. मग मंडळीत एखादं तरुण मूल दगावतं, आणि पाळकाच्या हाताशी ऋतुचक्राच्या कविता तेवढ्या उरतात. स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र काळोखात संपतं, एकही दिलासा न देता. त्या दिवशी तेच लागतं. दुखावलेल्या माणसासाठी गाळलेलं त्याच्याच कामाचं होतं, हे तेव्हा लक्षात येतं.

गाळून झालेल्या जागी उसनवारी येते, हा दुसरा बिघाड. अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींचे मंत्र, कुठल्या तरी देशाची घंटा, सूफी ओळी. ज्यांची ती चीज आहे त्यांच्यापुढे उत्तरदायी न होता ती वापरली जाते. त्यात एक बोचरी गोष्ट अशी की अमेरिकन युनिटेरियनांनी १८८६ मध्ये मोंटानात क्रो जमातीच्या मुलांसाठी निवासी औद्योगिक शाळा काढली होती, मुलांना त्यांच्या रीतीपासून तोडून गोऱ्या रीतीत घालण्यासाठी. सातबाऱ्यावरचा बोजा म्हणतात तो हा. आम्ही ख्रिस्ती नाही, असं म्हणणाऱ्याला ही शाळा ‘त्या मिशनऱ्यांची’ म्हणून झटकता येते. वारस म्हणून सही करणाऱ्याला झटकता येत नाही. मुळं जवळ करण्याच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा हाच आहे, आणि ख्रिस्ती बाजूचे लोकही तो क्वचितच मांडतात.

जाणून बदलणं कसं असतं याचा नमुना मात्र याच परंपरेत आहे. प्रागमधल्या युनिटेरियन पाळक नॉर्बर्ट चापेकच्या मंडळीत कॅथलिक चर्च सोडून आलेले पुष्कळ होते. पाव आणि द्राक्षारस त्यांच्या घशाखाली उतरेना. त्याने जून १९२३ मध्ये फुलांचं प्रभुभोजन सुरू केलं. प्रत्येकाने एक फूल आणायचं, दारातल्या मोठ्या फुलदाणीत स्वतःच्या हाताने ठेवायचं. फुलदाणी पुढे आणून प्रार्थना व्हायची. जाताना प्रत्येकाने एक फूल न्यायचं, पण आपलं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी. एका टेबलावरून सर्वांनी घेणं, मिळालेलं आपण कमावलेलं नसणं, उठताना बरोबर काहीतरी असणं: भोजनाचे हे तीनही सांधे त्याने राखले आणि फक्त पदार्थ बदलला. नाझींनी त्याला दाखाउच्या छळछावणीत नेलं आणि १९४२ मध्ये ठार केलं. त्याच्या पत्नीने, मायाने, हा विधी अमेरिकेत नेला. तो आजही बहुतेक ठिकाणी जूनमध्ये होतो, आणि बिघडतो तो ठरलेल्या दोन जागी: लोक फूल आणायला विसरतात म्हणून संयोजक बादलीभर विकतचं एकसारखं कार्नेशन आणून ठेवतात, किंवा आपलंच फूल परत नेतात. दोन्हीत देवघेव संपते. तुलनेला १९८० मध्ये मिशिगनमधल्या परिषदेत स्त्रियांनी सुरू केलेला पाण्याचा विधी घ्या; ठिकठिकाणचं पाणी एका भांड्यात ओतण्याची सुंदर कल्पना, पण बऱ्याच ठिकाणी पाहता पाहता उन्हाळी सुट्टीत कोण कुठे जाऊन आलं याचं निवेदन झालं. मागे जुना सांधा नव्हता, म्हणून घसरण थांबवायला काही नव्हतं.

मुळं धरून उदार राहता येतं का, या शंकेला पुरावे आहेत. ट्रान्सिल्व्हेनियातल्या युनिटेरियन मंडळ्या आजही वर्षातून चारदा प्रभुभोजन घेतात: नाताळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट आणि हंगामाच्या कृतज्ञतेचा शरद ऋतूतला दिवस. देव एकच, येशू माणूस, भोजन स्मरणाचं. बॉस्टनच्या किंग्ज चॅपलने १७८५ मध्ये अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातली त्रैक्याची वाक्यं बदलली आणि बाकीचं ठेवलं. ते त्याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या आजही वापरतात. मेघालयात हाजोम किसोर सिंग यांनी १८८७ मध्ये मिशनची शिकवण सोडून खासी भाषेत एकेश्वरी मंडळी उभारली. आणि आपल्याकडचं सांगायचं तर विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये युनिटेरियनांच्याच शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करायला गेले, दोन वर्षांनी परतले ते प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून. त्या समाजावर ख्रिस्ती नकलेचा आरोप होत होता. समाजाची उपासना उभी होती तुकारामाच्या अभंगांवर. पाहुण्याकडून शिकायला त्यांना संकोच वाटला नाही, कारण घर कुठलं ते ठाऊक होतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. वर्षाच्या बावन्न रविवारांपैकी बारा, महिन्याला एक, एवढ्यापासून सुरुवात पुरे. उतारे आपल्या आवडीने निवडू नयेत. निवडले तर दर वेळी डोंगरावरचं प्रवचन आणि चांगला शोमरोनीच येतात. ‘रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी’त, म्हणजे अनेक चर्चांत चालणाऱ्या वाचनांच्या वेळापत्रकात, तीन वर्षांचं चक्र आहे, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि दर रविवारी चार उतारे: जुना करार, स्तोत्र, पत्र, शुभवर्तमान. चारांतला एक घ्यावा, सर्वांत अडचणीचा वाटेल तो. वाचन पूर्ण करावं. १३७ वं स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठी रडण्यापाशी सर्वांना आवडतं. शेवटच्या ओवीत शत्रूची मुलं खडकावर आपटण्याची इच्छा आहे, आणि ती गाळली की हद्दपार माणसाचा राग आपण मोडून टाकतो. वाचनाआधी दोन-तीन मिनिटांत कुणी, कधी, कुणासाठी लिहिलं ते सांगावं. शब्द बदलू नयेत. ‘प्रभू’ खटकला तर खटकू द्यावा आणि प्रवचनात त्याच्याशी भांडावं.

ईस्टरला मार्क घ्यावा आणि सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीला थांबावं. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो तिथेच संपतो: कबर रिकामी, स्त्रिया थरथरत पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. दर्शन नाही, विजय नाही. अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष जेफर्सन याने नवा करार वस्तऱ्याने कापून जी वही १८२० च्या सुमारास केली, ती कबरीच्या तोंडावर धोंड लोटण्यापाशी संपते. मार्क त्याच्या पुढे फक्त नऊ ओव्या जातो, आणि त्या नऊ ओव्यांत या मंडळीला वर्षभर पुरेल एवढा प्रश्न आहे.

भोजनाला घाई नको. वर्षातून दोनदा ठेवावं, पंधरा दिवस आधी जाहीर करावं, म्हणजे ज्याला नको त्याला त्या दिवशी न येता येईल किंवा बसून राहता येईल. बसून राहणाऱ्याकडे कुणी बघू नये म्हणून सर्वांनी एकदम उठण्याची पद्धत टाळावी, रांग हवी. मद्य सोडलेली माणसं असतात, तेव्हा द्राक्षारस न आंबवलेला. पाव एकच, अखंड, पण आधी खालून सुरीने चीर द्यावी, नाहीतर मोडताना झटापट होते आणि लोक हसतात. फार मऊ पाव पेल्यात बुडवला की विरघळतो. जरा घट्ट सालीचा घ्यावा. ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी वेगळी थाळी आणि वेगळा पेला, कारण चुरा पेल्यातूनच जातो. साठ माणसं असतील तर दोन ठिकाणी वाटावं. शब्दांसाठी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातल्या तेवीस ते सव्वीस या ओव्या वाचाव्यात, आणि पाठोपाठ एमर्सनची हरकत दोन वाक्यांत सांगावी, त्याच टेबलापाशी उभं राहून. उरलेला पाव नंतर कॉफीच्या टेबलावर ठेवावा. ज्यांनी मघाशी घेतला नाही, त्यांतले काहीजण तिथे घेतात.